दहा हजारांत एकही नाही, म्हणून सुरक्षित?

पाळीव प्राण्यांचा विमानप्रवास सुरक्षित आहे, असे सांगताना एक आकडा हमखास पुढे केला जातो. अमेरिकी विमान कंपन्यांनी 2017 साली 5,06,994 प्राणी नेले. त्यांपैकी 24 दगावले, 15 जखमी झाले आणि 1 हरवला. दर दहा हजार प्राण्यांमागे या तिन्ही प्रकारच्या घटनांचे मिळून प्रमाण 0.79 भरते, म्हणजे एकाहूनही कमी. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की धोका नगण्य आहे, दगावणारे प्राणी बहुधा मुळातच आजारी किंवा अशक्त असतात, आणि म्हणून चालू व्यवस्थेत फार बदल करण्याचे कारण नाही.

आकडा खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. या प्रवासातले टाळता येण्याजोगे धोके बहुतेक वेळा विमान आकाशात जाण्याआधीच ठरलेले असतात. कोणत्या जातीचा प्राणी घेतला, तो कशा पिंजऱ्यात बसवला, दिवसाच्या कोणत्या वेळी नेला, उन्हात किती वेळ ठेवला आणि त्याला कोणते औषध दिले, यांवर त्याचा जीव अवलंबून असतो. या सगळ्या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत. ज्या मृत्यूचे कारण ठाऊक आहे आणि उपायही ठाऊक आहे, तो क्वचित घडतो एवढे सांगून सुटका होत नाही.

सरासरीच्या आड काय दडते

2017 चाच आकडा थोडा उकलून पाहावा. त्या वर्षीच्या 24 मृत्यूंपैकी 18 मृत्यू एकट्या युनायटेड एअरलाइन्सच्या ताब्यातल्या प्राण्यांचे होते. या कंपनीने 1,38,178 प्राणी नेले होते. उरलेल्या सर्व कंपन्यांनी मिळून 3,68,816 प्राणी नेले आणि त्यांच्याकडे 6 दगावले. भागाकार केला तर युनायटेडकडे दर दहा हजारांमागे 1.30 मृत्यू होतात आणि इतरांकडे 0.16. देश तोच, वर्ष तेच, विमानेही साधारण त्याच बनावटीची, तरी फरक आठपटींचा.

इतर कंपन्या नाकारत होत्या अशा जातींचे प्राणीही आपण घेत होतो, असे या फरकाचे स्पष्टीकरण कंपनीकडून दिले गेले. ते मान्य केले, तरी त्यातून सिद्ध होते ते ‘धोका नगण्य’ या दाव्याच्या उलटच. कोणता प्राणी घ्यायचा आणि कोणता नाही, या एका निर्णयाने मृत्यूचे प्रमाण इतके बदलत असेल, तर मृत्यू नशिबाच्या हवाली नाहीत, धोरणाच्या हवाली आहेत. सगळ्यांची मिळून काढलेली 0.79 ही सरासरी नेमका हाच फरक झाकते. एका नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे, एवढे ऐकून कोणी मूल पाण्यात सोडत नाही. डोह कुठे आहे, हे विचारावे लागते.

दुसरा प्रश्न मोजणीचा. अमेरिकेत 2000 सालच्या कायद्याने प्राण्यांचे मृत्यू, इजा आणि हरवणे यांची माहिती वाहतूक खात्याला देणे बंधनकारक झाले आणि 2005 पासून या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. मात्र 2014 अखेरपर्यंत त्यांत घरगुती पाळीव प्राणीच धरले जात. प्रजननकेंद्रांकडून विक्रीसाठी पाठवली जाणारी कुत्र्या-मांजरांची पिल्ले दगावली, तर ती हिशेबात येत नसत. 1 जानेवारी 2015 पासून ती धरली जाऊ लागली. एकूण किती प्राणी नेले, हा आकडा देण्याची सक्तीही तेव्हापासूनचीच. त्याआधी भाजकच उपलब्ध नव्हता, आणि तरीही ‘प्रमाण नगण्य’ असे छातीठोकपणे सांगितले जात होते.

आजही या नोंदी फक्त अमेरिकी कंपन्यांच्या आहेत. मुंबईहून आखाती किंवा युरोपीय कंपनीच्या विमानाने निघालेल्या कुत्र्याचे काही बरेवाईट झाले, तर ते या आकड्यात दिसत नाही. शिवाय नोंद होते ती प्राणी कंपनीच्या ताब्यात असेपर्यंतच्या घटनेची. उष्माघाताने मूत्रपिंडे निकामी होणे किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडणे, हे परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात. विमानतळावर जिवंत हाती आलेला कुत्रा घरी जाऊन तिसऱ्या दिवशी दगावला, तर कागदोपत्री त्याचा प्रवास सुखरूप झालेला असतो.

‘प्राण्याचाच दोष’

दुसरा दावा असा की दगावणारा प्राणी मुळातच नाजूक असतो. हा बचाव कायद्यातही बसवलेला आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीतली भरपाई 1999 च्या माँट्रियल करारानुसार ठरते. वाहून नेलेल्या वस्तूच्या अंगभूत दोषामुळे, गुणधर्मामुळे किंवा वैगुण्यामुळे नुकसान झाले असेल, तर त्या प्रमाणात कंपनीची जबाबदारी राहत नाही, अशी तरतूद त्यात आहे. नासकी फळे किंवा गळका पिंप यांच्यासाठी ती योग्यच आहे. जिवंत प्राण्याला तीच तरतूद लावली की त्याचे श्वास घेणे हेच त्याचे वैगुण्य ठरू शकते.

अमेरिकी वाहतूक खात्याने 2010 साली पाच वर्षांच्या नोंदींतून जातवार आकडे प्रसिद्ध केले. मे 2005 ते मे 2010 या काळात 122 कुत्रे दगावले होते आणि त्यांतले सुमारे निम्मे आखूड नाकाच्या जातींचे होते. इंग्लिश बुलडॉग 25 आणि पग 11, हे त्यांत सर्वांत पुढे होते.

कारण शरीररचनेत आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि तोंडातल्या व श्वासमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनातून शरीर थंड ठेवतो. पग, बुलडॉग, शिह त्झू किंवा पर्शियन मांजर यांच्या नाकपुड्या चिंचोळ्या असतात. चपट्या जबड्यात मऊ टाळू मावत नाही आणि तो घशाशी लोंबतो. अशा पगला बंद पिंजऱ्यात ठेवले, की प्रथम त्याच्या श्वासाचा घुर्र-घुर्र आवाज वाढतो. मग जीभ लांब बाहेर येते आणि तिचे टोक पसरट होते. कडेला घट्ट लाळेच्या तारा लोंबू लागतात. धाप जितकी जोराची, तितकी घशातली सूज वाढते. सूज वाढली की हवा कमी मिळते, आणि हवा कमी मिळाली की तो आणखी जोरात धापा टाकतो. जीभ निळसर दिसू लागते तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो. पिंजरा मालकक्षात, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कक्षात, असेल, तर ती निळी जीभ पाहायला तिथे कोणीच नसते.

हे वैगुण्य गुप्त नाही. ते चेहऱ्यावर दिसते आणि पिंजरा ताब्यात घेण्यापूर्वीच ठाऊक असते. ठाऊक असलेला धोका पत्करून, भाडे घेऊन, प्राणी स्वीकारायचा आणि नंतर त्याच्या नाकावर बोट ठेवायचे, हा प्रकार चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा आहे. भारतात हा प्रश्न दूरचा नाही. 2003 साली ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे धावणारा पग घराघरांत पोहोचला आणि शहरी कुटुंबांत या जातीची हौस वाढली. पर्शियन मांजरे आणि शिह त्झू यांनाही आज मोठी मागणी आहे.

विमानाच्या पोटात

कंपन्यांचा दावा खोडताना उलट टोकाची समजूतही खोडणे भाग आहे. विमानाच्या पोटात हवा नसते, कडाक्याची थंडी असते, तिथे प्राणी ठेवणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात लोटणे, असे अनेक जण मानतात. हे खरे नाही. प्रवासी विमानाचा मालकक्ष केबिनइतक्याच दाबाखाली असतो. उड्डाणात हा दाब जास्तीत जास्त सुमारे 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका विरळ होतो. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर आहे. म्हणजे त्याहून साडेसातशे मीटर उंच डोंगरावर बसल्यासारखी ती हवा असते. समुद्रसपाटीच्या तुलनेत प्राणवायू सुमारे चतुर्थांशाने कमी मिळतो. निरोगी, लांब नाकाचा कुत्रा हे सहज सोसतो. आधीच धाप लागलेल्या बुलडॉगला मात्र तो चतुर्थांशही जड जातो.

तापमानाची सोय मालकक्षाच्या प्रत्येक भागात सारखी नसते. म्हणून जिवंत प्राणी कुठे ठेवले आहेत, याची लेखी सूचना वैमानिकाला दिली जाते आणि तो त्या कक्षाची उष्णता सांभाळतो. सप्टेंबर 2015 मध्ये एअर कॅनडाचे तेल अवीवहून टोरंटोला जाणारे विमान अटलांटिक ओलांडण्यापूर्वी फ्रँकफर्टला उतरवण्यात आले. मालकक्षाची उष्णतायंत्रणा बिघडली होती आणि आत एक फ्रेंच बुलडॉग होता. कुत्र्याला दुसऱ्या विमानात बसवून हे विमान पुढे गेले. प्रवाशांना सुमारे सव्वा तास उशीर झाला. पोटात कोण आहे हे वैमानिकाला ठाऊक असले आणि त्याची किंमत त्याला वाटली, तर काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

चुकीच्या भीतीचा तोटा असा की ती लक्ष चुकीच्या जागी नेते. मालक आकाशातल्या थंडीची काळजी करत पिंजऱ्यात जाड रजई कोंबतो. खरा धोका त्या वेळी खाली, उन्हात वाट पाहत असतो.

उन्हातला अर्धा तास

प्रवासाचा सर्वांत बेभरवशाचा टप्पा इमारतीपासून विमानापर्यंतचा असतो. पिंजरा कार्गोच्या दारातून ट्रॉलीवर चढतो. ट्रॉली विमानाजवळ जाऊन उभी राहते. आधी कंटेनर चढतात, मग सुटे सामान, आणि प्राणी बहुधा शेवटी चढवले जातात, कारण उतरवताना ते आधी बाहेर यावेत. शेवटी चढवण्यामागचा हेतू चांगला आहे. पण विमानाला जागा मिळायला उशीर झाला, इंधनाची गाडी आली नाही, की तोच पिंजरा तापलेल्या काँक्रीटवर, उघड्या ट्रॉलीत, इंजिनांच्या आवाजात उभा राहतो. दुपारी त्या फरशीजवळची हवा हवामान खात्याच्या सावलीतल्या आकड्याहून बरीच तापलेली असते, आणि पिंजऱ्याची जाळी फरशीपासून फार वर नसते.

अमेरिकेने 1976 साली आपल्या प्राणी कल्याण कायद्याच्या कक्षेत विमान कंपन्यांना आणले. त्याखालच्या नियमांनुसार कुत्र्या-मांजरांना विमानापर्यंत नेताना-आणताना 29.5 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात 45 मिनिटांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू स्वीकारता येत नाही. 2018 मध्ये युनायटेडने प्राणी नेण्याची आपली सेवा थांबवून नव्या अटींवर सुरू केली, तेव्हा मे ते सप्टेंबर या काळात लास व्हेगास, पाम स्प्रिंग्ज, फिनिक्स आणि टुसॉन या वाळवंटी शहरांतून प्राणी न नेण्याचे ठरवले आणि आखूड नाकाच्या अनेक जाती नाकारल्या. धोका नगण्य असता, तर या अटींची गरजच पडली नसती.

ही मोजपट्टी महाराष्ट्राला लावून पाहावी. मुंबईत दुपारचे सरासरी कमाल तापमान वर्षातल्या जवळपास प्रत्येक महिन्यात 30 अंशांच्या आसपास किंवा वर असते, आणि दमट हवेत धापा टाकूनही बाष्पीभवन नीट होत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपार जातो. म्हणजे तिथली 29.5 अंशांची मर्यादा इथे नेहमीच्या दिवशीही ओलांडली जाते. अमेरिकी आकड्यावरून इथल्या कुत्र्याच्या सुरक्षिततेची ग्वाही देणे म्हणूनच अप्रामाणिक आहे. तो आकडा तिथल्या हवामानाचा आणि तिथल्या नियमांचा आहे.

पिंजरा आणि औषध

पिंजऱ्याची मापे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमावलीत दिलेली आहेत. कुत्रा उभा करून नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजायची आणि जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग तीत मिळवायचा. ही पिंजऱ्याची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट ही त्याची रुंदी. डोके किंवा ताठ कान यांपैकी जे उंच असेल तिथवरची उंची अधिक खालच्या अंथरुणाची जाडी, ही त्याची उंची. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 85 सेंटिमीटर आणि कोपर 32 सेंटिमीटरवर असलेल्या लॅब्राडॉरला 101 सेंटिमीटर लांब पिंजरा लागतो. आखूड नाकाच्या जातींसाठी ही मापे आणखी दहा टक्क्यांनी वाढवायची असतात. कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे, हा या गणिताचा अर्थ आहे.

पिंजऱ्याचे दोन भाग धातूच्या नट-बोल्टनी जोडलेले हवेत. दुकानातून पिंजरा येतो तेव्हा अनेकदा प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात. घाबरलेला कुत्रा आतून खांद्याने ढकलतो, वरचा भाग वाकतो, खिट्टी सुटते आणि दार एका बिजागरीवर लोंबते. पाण्याचे भांडे दाराला आतून अडकवलेले आणि बाहेरून भरता येईल असे हवे. या बारीक गोष्टी तपासायला काउंटरवर दोन मिनिटे लागतात, पण तपासणाऱ्याला त्या शिकवलेल्या असाव्या लागतात. ब्युनॉस आयर्सहून बार्सिलोनाला निघालेली एक कुत्री 2019 मध्ये विमानाकडे नेताना निसटली आणि पुन्हा सापडली नाही. तिला धोका विमानाचा नव्हता, बंद न राहिलेल्या पिंजऱ्याचा होता.

‘गुंगीचे औषध द्या, झोपून जाईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो प्रेमापोटी पाळलाही जातो. अमेरिकी पशुवैद्यक संघटना आणि आयाटा या दोघांचाही अशा औषधांना विरोध आहे. गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान राखण्याची शक्ती कमी होते आणि श्वास मंदावतो. विमान हलले की जागा असलेला प्राणी पाय रोवतो. गुंगीतला प्राणी पिंजऱ्याच्या भिंतीवर आदळतो आणि मान वाकडी होऊन श्वास अडकला तरी ती सरळ करू शकत नाही. त्रास वाचवायला जाऊन त्याला आगीतून फुफाट्यात टाकल्यासारखे होते. भीतीवरचा खरा उपाय संथ असतो. चार-सहा आठवडे आधी पिंजरा घरात उघडा ठेवायचा, त्यात जेवण द्यायचे आणि त्याची झोपायची जागाच तिथे करायची.

केबिनमध्ये नेले की झाले?

लहान प्राण्यासाठी केबिन निश्चितच बरी. तो डोळ्यांसमोर राहतो आणि त्याला उन्हात थांबावे लागत नाही. भारतात एअर इंडिया आणि अकासा या कंपन्या ठरावीक वजनापर्यंतचा प्राणी केबिनमध्ये घेतात. अकासाने 1 नोव्हेंबर 2022 पासून ही सोय 7 किलोंच्या मर्यादेने सुरू केली आणि पुढे मर्यादा वाढवली. पण लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड तीस किलोंच्या घरात जातो. त्याला विमानाचे पोट हाच मार्ग उरतो.

केबिनही आपोआप सुरक्षित होत नाही. 12 मार्च 2018 रोजी ह्यूस्टनहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या युनायटेडच्या विमानात दहा महिन्यांचे फ्रेंच बुलडॉगचे पिल्लू डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात मेले. त्याची पिशवी तिथे ठेवायला विमानातल्या कर्मचाऱ्याने सांगितले होते. कंपनीने जबाबदारी स्वीकारली. त्याच आठवड्यात कॅन्सस सिटीला जायचा एक जर्मन शेफर्ड त्याच कंपनीकडून जपानला पोहोचला आणि जपानला जायचा ग्रेट डेन कॅन्ससला. या घटनांनंतर 20 मार्चला कंपनीने मालकक्षातून पाळीव प्राणी नेण्याची सेवा थांबवली. पिल्लू आजारी नव्हते आणि विमानात बिघाडही नव्हता. बंद कप्प्यात हवा खेळत नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात घेतली असती तर ते वाचले असते.

‘मग न्यायचेच कशाला?’

प्राण्याला इतका धोका असेल तर मालकाने तो नेऊच नये, असा एक आक्षेप घेतला जातो. काही प्रवासांना तो लागू आहे. आठवडाभराच्या सहलीसाठी म्हाताऱ्या पगला विमानात बसवणे अयोग्यच. पण विमानाने जाणारे अनेक प्राणी बदलीमुळे किंवा स्थलांतरामुळे जातात. पुण्याहून जर्मनीला कामासाठी जाणाऱ्या कुटुंबाला आपल्या कुत्र्यासाठी मायक्रोचिप आणि रेबीजची लस लागते. लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना द्यावा लागतो आणि त्यानंतर तीन महिने थांबावे लागते. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून भारतातून येणाऱ्या कुत्र्यांसाठी नियम अधिक कडक केले. ब्रिटनमध्ये प्रवासी विमानाने येणारा पाळीव प्राणी, थोडे अपवाद सोडता, माल म्हणूनच उतरवावा लागतो. म्हणजे तिथे केबिनचा पर्यायच नाही. इतके सोपस्कार करणारी माणसे बेफिकीर नसतात. घरातले माणूस मागे टाकून जाणे त्यांना पटत नाही. त्यांना ‘नेऊ नका’ म्हणणे म्हणजे प्रश्न सोडवण्याऐवजी विचारणाऱ्यालाच वाटेला लावणे होय.

किलोवर जोखलेला जीव

सुधारणा खर्चिक आहेत, हा शेवटचा युक्तिवाद. वास्तविक पहाटेच्या किंवा रात्रीच्या विमानाची अट, सावलीतली प्रतीक्षाजागा, पिंजऱ्याची मापे तपासणारा एक प्रशिक्षित माणूस आणि आखूड नाकाच्या जातींना मालकक्षात नकार, यांपैकी कशालाही नवे विमान लागत नाही. या गोष्टी होत नाहीत, कारण त्या न केल्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही.

माँट्रियल करारात मालाच्या नुकसानीची मर्यादा वजनावर ठरते. 28 डिसेंबर 2024 पासून ती किलोमागे 26 विशेष आहरण अधिकार आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. माल म्हणून पाठवलेला 8 किलोंचा पग दगावला, तर पिंजऱ्याचे वजन न धरता जास्तीत जास्त 208 एकके. प्राणी प्रवाशाचे सामान म्हणून गेला असेल, तर सामानाची मर्यादा लागते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 16 ऑक्टोबर 2025 रोजी, ब्युनॉस आयर्सला निसटलेल्या त्याच कुत्रीच्या प्रकरणात, पाळीव प्राणी हा ‘सामान’ या संज्ञेत येतो असा निर्णय दिला. मालकिणीने 5,000 युरो मागितले होते. सामान देताना अधिक किमतीची विशेष घोषणा केली नसेल, तर मर्यादेबाहेर भरपाई मिळत नाही, हा त्याचा अर्थ.

न्यायालयाने कराराची भाषा जशी आहे तशी वाचली, आणि वाहतुकीत प्राण्याच्या कल्याणाच्या गरजा पाळल्या गेल्या पाहिजेत हेही नमूद केले. दोष कराराच्या रचनेत आहे. हरवलेली बॅग आणि मेलेला कुत्रा यांना एकच माप लावले, की कुत्र्याची काळजीही बॅगेइतकीच घेतली जाते.

भारतात काय हवे

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 1978 साली प्राणी वाहतुकीचे नियम झाले. कुत्र्या-मांजरांसाठी त्यात पशुवैद्याचा दाखला, योग्य पिंजरा, उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी आणि आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासात दाब व तापमान नियंत्रित असलेला कक्ष यांची तरतूद आहे. नियमांचा भर पिंजऱ्यावर आणि उड्डाणावर आहे. ट्रॉलीवरचे ऊन, जातीनुसार बदलणारा धोका आणि घटनांची जाहीर नोंद या तीन जागा भरायला हव्यात.

यासाठी पहिली गरज मोजणीची आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला उशीर, रद्द उड्डाणे आणि प्रवाशांच्या तक्रारी यांचे आकडे प्रसिद्ध करते. त्यांतच प्राण्यांचे मृत्यू, इजा आणि हरवणे यांचा रकाना असावा. त्यात जात, वय, घटनेचा टप्पा आणि त्या वेळचे तापमान द्यावे. नेलेल्या प्राण्यांची संख्या केबिन आणि मालकक्ष अशी वेगळी द्यावी, आणि हाती दिल्यानंतरच्या 72 तासांत झालेला मृत्यूही नोंदवावा. दुसरी गरज अंशांत आणि मिनिटांत लिहिलेल्या मर्यादेची आहे. ती इथल्या हवामानाला धरून ठरवावी आणि मर्यादा ओलांडली तर पिंजरा वातानुकूलित वाहनातूनच विमानापर्यंत न्यावा. तिसरी गरज आखूड नाकाच्या जातींसाठी स्वतंत्र नियमाची आहे. त्यांना केबिनमध्ये न्यावे किंवा नकार द्यावा. गुंगी दिलेला प्राणी स्वीकारू नये. चौथी गरज भरपाईची. निदान देशांतर्गत प्रवासात तरी ती वजनापासून तोडावी आणि आखूड नाकाच्या प्राण्याला जाणूनबुजून स्वीकारल्यावर अंगभूत दोषाचा बचाव कंपनीला मिळू नये.

अमेरिकेतले 24 मृत्यू जगाला कळले, कारण तिथे ते मोजणे सक्तीचे होते. त्या मोजणीमुळेच एका कंपनीचे प्रमाण इतरांच्या आठपट असल्याचे दिसले, आणि 2018 मधल्या घटनांनंतर तिला नियम बदलावे लागले. भारतात अशी मोजणी होत नाही तोवर इथला विमानप्रवास प्राण्यांसाठी सुरक्षित आहे असे म्हणायला आधार नाही. तोवर प्राणी नेणाऱ्याने थेट विमान निवडावे, पहाटेची वेळ घ्यावी, पिंजरा स्वतः मोजावा, किमतीची विशेष घोषणा करावी आणि वैमानिकाला सूचना दिली गेली का, हे चढण्यापूर्वी विचारावे.